मृत जनुकांचा उपयोग

कोंबडीचें अंडें एकवीस दिवस उबवलें म्हणजे पिल्लूं कवच फोडून बाहेर येतें, आणि थोड्याच वेळांत त्याची पहिली चोंच पडते ती जमिनीवरच्या केरकचऱ्यांत. त्या कचऱ्यांत दाणा असतो तसे असंख्य रोगजंतूही असतात. तरी बहुतेक पिल्लें पहिले दोन-तीन आठवडे निभावून नेतात, याचें श्रेय आईनें बांधून दिलेल्या शिदोरीला आहे. अंड्याच्या पिवळ्या बलकांत तिनें आपल्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्य भरून ठेवलेलें असतें. धनुर्वाताच्या विषाशीं झुंजण्याची शक्ति कोंबडीकडून तिच्या अंड्याच्या बलकांत उतरते, हें फेलिक्स क्लेंपरर या जर्मन वैद्यानें १८९३ सालींच दाखवून दिलें होतें. परंतु शिदोरी ती शिदोरीच. ती संपली कीं पिल्लाला आपलें रक्षण आपणच करावें लागतें. आणि ज्या साधनांनीं तें हें काम करतें तीं पाहिलीं म्हणजे मोठें नवल वाटतें. या कामासाठीं लागणारीं जनुकें त्याच्याजवळ पुष्कळ दिसतात. पण प्रत्येक जातींत चालू स्थितींतलें जनुक अवघें एक, बाकीचीं सारीं मोडकीं. अशा मोडक्या जनुकांना शास्त्रज्ञ ‘छद्मजनुकें’ म्हणतात. म्हणजे दिसावयास जनुकासारखीं, परंतु जनुकाचें काम न करणारीं. हा मोडका माल निसर्गानें कां जपून ठेवला, आणि रोगप्रतिकाराशीं त्याचा संबंध काय, हा प्रस्तुत विषय होय.

रोगप्रतिकारक द्रव्य म्हणजे काय, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. एकदां देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हां सहसा देवी येत नाहींत, हा अनुभव फार जुना आहे. १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर केलें, तें याच अनुभवावर उभारलेल्या लसीच्या जोरावर. पण शत्रूला ओळखणारें असें रक्तांत कांहीं उरतें काय, याचा स्पष्ट पुरावा एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनीं बर्लिन येथें १८९० सालीं दिला. धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला टोंचला, तर त्या दुसऱ्याचेंही रक्षण होतें असें त्यांनीं दाखविलें. रक्तद्रवांतील या द्रव्याच्या रेणूंना पुढें प्रतिपिंड हें नांव मिळालें, आणि ते इम्युनोग्लोब्युलिन नांवाच्या प्रथिनांच्या कुळांतले आहेत हें ठरलें. त्यांची घडण उकलली ती इंग्लंडांत रॉडनी पोर्टर आणि अमेरिकेंत जेराल्ड एडेलमन यांनीं. दोघांना मिळून १९७२ चें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

प्रतिपिंडाचा आकार मुलांच्या बेचकीसारखा असतो. दोन जड साखळ्या आणि दोन हलक्या साखळ्या एकमेकींत गुंतून ही बेचकी तयार होते. बेचकीचा दांडा एका वर्गाच्या सर्व प्रतिपिंडांत सारखाच असतो. फरक असतो तो दोन फांट्यांच्या टोकांशीं. जंतूला किंवा त्याच्या विषाला पकडण्याची जागा तीच. एका प्रतिपिंडाची टोकें धनुर्वाताच्या विषावर नेमकीं बसतात, दुसऱ्याचीं घटसर्पाच्या विषावर. कुलपाला किल्ली बसावी तशीं. आणि एक बी पेशी (प्रतिपिंड तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना हें नांव आहे) एकाच नमुन्याची किल्ली घडविते. कोणतें कुलूप पुढें येणार हें शरीराला आधीं ठाऊक नसतें. म्हणून तें असंख्य नमुन्यांच्या किल्ल्या आधींच घडवून ठेवतें, आणि जी बसेल ती घडविणाऱ्या पेशीची वाढ करतें. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनीं १९५७ सालीं ही कल्पना मांडली. ती आज सर्वमान्य आहे.

अडचण निघाली ती हिशेबाची. प्रत्येक प्रथिनाची कृति जनुकांत लिहिलेली असते, आणि माणसाजवळ प्रथिनांचीं जनुकें आहेत सुमारें वीस हजार. त्यांत डोळे, यकृत, स्नायु, मेंदू अशा सर्वांचा संसार चालवावयाचा. मग प्रतिपिंडांचे कोट्यवधि नमुने कोठून यावेत? १९६५ सालीं विल्यम ड्रायर आणि क्लॉड बेनेट या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तर्क केला कीं, साखळीचा बदलता भाग आणि स्थिर भाग यांचीं जनुकें मुळांत वेगळीं असलीं पाहिजेत, आणि तीं पेशींत मागाहून एकत्र येत असलीं पाहिजेत. जन्माला येतांना मिळालेलें जनुक आयुष्यभर जसेंच्या तसें राहतें असा त्या काळचा ठाम समज होता. त्यामुळें हा तर्क पुष्कळांना वाह्यात वाटला. स्वित्झर्लंडमधील बासेल येथें सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिचि होझुमि यांनीं १९७६ सालीं तो प्रयोगानें खरा करून दाखविला. गर्भाच्या पेशींत हीं जनुकें दूर दूर असतात, आणि प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशींत तीं जवळ आलेलीं असतात. तोनेगावांना या शोधाबद्दल १९८७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

छापखान्यांतला जुळारी जसा निरनिराळ्या घरांतून खिळे उचलून शब्द जुळवितो, तशी बी पेशी तिच्या तरुणपणीं आपलें जनुक जुळविते. साखळीच्या बदलत्या भागासाठीं तीन प्रकारचे खंड असतात. त्यांना व्ही, डी आणि जे हीं नांवें आहेत. हलक्या साखळीला डी खंड लागत नाहीं. प्रत्येक घरांतून एकेक खंड उचलावयाचा, मधला डीएनए कापून टाकावयाचा, आणि टोकें जोडावयाचीं. जोडतांना सांध्यापाशीं दोन-चार अक्षरें कमी-जास्त होतात. त्यामुळें नमुन्यांची संख्या आणखी कितीतरी पटींनीं वाढते. खंड कोठें कापावयाचा हें कळावें म्हणून त्याच्या कडेला एक ठराविक खूण लिहिलेली असते. ही खूण श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

घरांत खिळे किती, हें मोजण्याचें काम बराच काळ चाललें. माणसाच्या जड साखळीच्या व्ही खंडांचा संपूर्ण पट्टा क्योतो येथील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेंतील मंडळींनीं १९९८ सालीं अक्षरशः वाचून काढला. साडेनऊ लाखांहून अधिक अक्षरांच्या या पट्ट्यांत १२३ व्ही खंड निघाले. त्यांपैकीं ७९ मोडके, म्हणजे छद्मजनुकें! उरलेल्या ४४ पैकीं ३९ खंडांपासून प्रत्यक्ष प्रथिन तयार होतांना आढळलें. याचा अर्थ असा कीं, ज्या विभागावर माणसाचें जीवित अवलंबून आहे त्यांतील दोन-तृतीयांश घरांत झिजलेले, तुटलेले खिळे भरलेले आहेत. शिवाय या कुळाचे कांहीं तुकडे भलत्याच गुणसूत्रांवर जाऊन पडलेले आहेत. जड साखळीचे व्ही खंड चौदाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांचे चुलतभाऊ पंधराव्या आणि सोळाव्यावरही सांपडतात, आणि तेथें बसून त्यांचा कांहीं उपयोग होत नाहीं. दम्यासारख्या विकारांत ज्याचें नांव नेहमीं ऐकूं येतें त्या ई वर्गाच्या प्रतिपिंडाचीं माणसाजवळ तीन जनुकें आहेत. एक चालू, एक अर्धवट, आणि तिसरें नवव्या गुणसूत्रावर फेकलें गेलेलें.

छद्मजनुक हा शब्द १९७७ सालचा. आफ्रिकेंतील एका बेडकाच्या डीएनएचा अभ्यास करतांना जाक, मिलर आणि ब्राउनली यांना एका जनुकाशेजारीं त्याचीच अपुरी प्रतिकृति आढळली, आणि तिला त्यांनीं हें नांव दिलें. अशीं जनुकें कशीं उत्पन्न होतात हें समजण्यास कठीण नाहीं. नक्कल करतांना कधीं कधीं डीएनएचा एखादा तुकडा दोनदां लिहिला जातो. मूळ प्रत काम करीत असल्यामुळें दुसरी बिघडली तरी प्राण्याचें अडत नाहीं; आणि ज्याच्यावांचून अडत नाहीं त्याची डागडुजी निसर्ग करीत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या चुका सांचत जातात, मधेंच ‘येथें थांबा’ असा भलता संकेत उमटतो, आणि जनुक मुकें होतें. रहातें घर आणि शेजारचा पडका वाडा यांत जो फरक, तोच या दोघांत. १९७२ सालीं सुसुमु ओनो यांनीं अशा निरुपयोगी भासणाऱ्या डीएनएला अडगळ ठरविणारा शब्द रूढ केला, आणि पुढें कित्येक वर्षें छद्मजनुकांकडे त्याच नजरेनें पाहिलें गेलें. ही नजर सर्वस्वीं चुकीची होती असें मात्र नव्हे. बहुतेक छद्मजनुकें खरोखरच पडक्या वाड्यांसारखीं आहेत. प्रश्न आहे तो ‘बहुतेक’ या शब्दाचा.

आतां पुन्हां कोंबडीकडे वळावयाचें. इटलींतील पादुआच्या विद्यापीठांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फॅब्रिशियस नांवाचे शरीरशास्त्राचे थोर अध्यापक होते. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा त्यांचाच शिष्य. अंड्यांतल्या पिल्लाच्या वाढीवरील त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत कोंबडीच्या आंतड्याच्या शेवटल्या टोकाशीं असलेल्या एका लहान पिशवीचें वर्णन आहे. नराचें बीज सांठविण्याची ती जागा असावी, असा त्यांचा समज होता. समज खोटा ठरला, तरी पिशवीला त्यांचें नांव चिकटलें तें चिकटलेंच. पुढें सव्वातीनशें वर्षें ही फॅब्रिशियसची पिशवी कशासाठीं आहे हें कोणाला कळलें नाहीं.

तें कळलें तें जवळजवळ अपघातानें. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ओहायो राज्याच्या विद्यापीठांत ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी कोंबडीच्या पिल्लांची ही पिशवी काढून टाकून काय होतें तें पाहत होता. पिल्लें खात होतीं, वाढत होतीं; फरक कांहीं दिसेना. त्याच सुमारास टिमोथी चँग या त्याच्या सहाध्यायाला वर्गापुढें प्रतिपिंडांचें प्रात्यक्षिक करावयाचें होतें आणि त्यासाठीं कोंबड्या हव्या होत्या. त्यानें ग्लिकच्या कोंबड्यांपैकीं कांहीं मागून नेल्या, त्यांना साल्मोनेला जंतूंपासून केलेलें द्रव्य टोंचलें, आणि प्रात्यक्षिक साफ फसलें. पिशवी काढलेल्या बहुतेक कोंबड्यांच्या रक्तांत प्रतिपिंड उतरलेच नाहींत. दुसरा कोणी असता तर कोंबड्यांना दोष देऊन मोकळा झाला असता. या दोघांनीं प्रयोग पुन्हां नीट करून पाहिला आणि निबंध लिहिला. एका नामांकित शास्त्रीय नियतकालिकानें तो परत पाठविला; अखेर १९५६ मध्यें तो कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकांत छापून आला, आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीस पडण्यास त्याला कांहीं वर्षें लागलीं. १९६५ सालीं मॅक्स कूपर आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याचा अर्थ पूर्णपणें उलगडला. प्रतिपिंड तयार करणाऱ्या पेशींचें शिक्षण या पिशवींत होतें, आणि पिशवीच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरावरूनच त्या पेशींना बी हें अक्षर मिळालें. माणसाला ही पिशवी नाहीं. त्याच्या बी पेशी अस्थिमज्जेंत तयार होतात. अक्षर मात्र कोंबडीचेंच राहिलें.

या पिशवींत नेमकें काय चालतें, हें क्लोद-आन्येस रेनो आणि झाँ-क्लोद वेल या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८५ ते १९८९ या काळांत शोधून काढलें. कोंबडीची हलकी साखळी त्यांनीं तपासली तेव्हां चालू व्ही खंड एकच आणि जे खंडही एकच निघाला. जुळाऱ्याजवळ एकच खिळा असेल तर तो एकच शब्द जुळविणार! तरीही कोंबडीच्या रक्तांतील हलक्या साखळ्या नाना तऱ्हांच्या होत्या. मग चालू खंडाच्या वरच्या बाजूस त्यांनीं शोध घेतला, तेव्हां सुमारें वीस हजार अक्षरांच्या आंत एकामागून एक दाटीवाटीनें बसलेलीं २५ छद्मजनुकें सांपडलीं. कांहीं सुलट, कांहीं उलट. जड साखळीचीही तीच तऱ्हा: चालू व्ही खंड एक, आणि मागें सुमारें ऐंशी छद्मजनुकें.

या छद्मजनुकांना स्वतः प्रथिन तयार करतां येत नाहीं. वाचन सुरू करण्याचा संकेत त्यांच्याजवळ नाहीं, आणि मघां सांगितलेली कापण्या-जोडण्याची खूणही नाहीं. म्हणून जुळणींत त्यांची निवड कधींच होत नाहीं. त्यांचा उपयोग निराळ्या रीतीनें होतो. जुनीं लुगडीं नेसण्यासारखीं राहिलीं नाहींत म्हणजे घरांतली आजी तीं टाकून देत नाहीं. गाठोड्यांत बांधून ठेवते आणि गोधडी शिवतांना त्यांतला हवा तो तुकडा काढते. पिशवींत शिरलेल्या पेशींत हेंच होतें. चालू जनुकांतला एखादा तुकडा निघतो, आणि त्याच्या जागीं कोणत्या तरी छद्मजनुकांतला तेवढाच तुकडा येऊन बसतो. कधीं दहा-बारा अक्षरांचा, कधीं शंभराहून अधिक अक्षरांचा. पेशी दुभागते, तिच्या लेकींत पुन्हां एखादें नवें ठिगळ पडतें. तें आधींच्या ठिगळावरही चढतें. असें होतां होतां मूळचें एकच वस्त्र प्रत्येक पेशींत निराळ्या रंगाचें होऊन जातें. उपमा एके ठिकाणीं लंगडी पडते, तें सांगितलेंच पाहिजे. आजीच्या गाठोड्यांतून काढलेला तुकडा गाठोड्यांत उरत नाहीं. येथें मात्र तुकडा कापून आणला जात नाहीं, त्याची नक्कल उतरविली जाते. छद्मजनुक जसेंच्या तसें राहतें आणि पुढल्या पेशीला पुन्हां उपयोगी पडतें. या क्रियेला जनुक-परिवर्तन म्हणतात.

हें सारें सुरू होतें तेव्हां पिल्लूं अजून अंड्यांतच असतें. साधारणतः आठव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान मूळ पेशी पिशवींत येऊन वसतात. पिशवींत सुमारें दहा हजार लहान लहान कप्पे असतात आणि एकेका कप्प्याची वस्ती अगदीं मोजक्या मूळ पेशींपासून वाढते. ठिगळें लावण्याचें काम त्यानंतर सुरू होतें. विशेष असें कीं, त्या वेळीं बाहेरचा कोणताही शत्रु समोर आलेला नसतो. तयार झालेल्या पेशींपैकीं फार मोठा भाग पिशवींतच मरून जातो. थोड्या पेशी बाहेर पडून रक्तांत आणि प्लीहेंत जातात. पिल्लूं वयांत आलें कीं पिशवी आक्रसत जाते. पण तोंपर्यंत तिनें आयुष्यभर पुरेल एवढा संग्रह करून दिलेला असतो.

नक्कल कशी उतरते याचा उलगडा आणखी पुढचा आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या होंजो यांच्याच प्रयोगशाळेनें १९९९ सालीं बी पेशींतील एक विकर शोधून काढलें. त्याला संक्षेपानें एड म्हणतात. (होंजो यांना २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें कर्करोगावरील उपचाराशीं संबंधित असलेल्या दुसऱ्याच कामासाठीं.) हें विकर डीएनएमधील सायटोसीन या अक्षराचें युरासील करून टाकतें. युरासील हें डीएनएच्या लिपींतलें अक्षरच नव्हे. त्यामुळें दुरुस्तीची यंत्रणा धांवून येते, तें अक्षर काढते, तेथें खंड पडतो, आणि तो भरून काढण्यासाठीं जवळपास तसाच दुसरा मजकूर कोठें आहे हें ती शोधूं लागते. वरच्या बाजूला पंचवीस प्रती पडलेल्याच आहेत! त्यांतली एखादी पाहून ती जागा भरते. म्हणजे पेशी आपल्याच जनुकाला मुद्दाम जखम करते, आणि ती बरी होतांना जो बदल उरतो तो पदरांत पाडून घेते. कोंबडीच्या पेशींतून एड काढून टाकलें तर ठिगळें लागण्याचें थांबतें, हें २००२ सालीं जर्मनींत बुर्श्टेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें.

पण छद्मजनुकांची कामगिरी खरोखर सिद्ध व्हावयाची तर तींच काढून पाहिलीं पाहिजेत. ग्लिकनें पिशवी काढून पाहिली तसेंच हें. हा प्रयोगही त्याच मंडळींनीं केला आणि २००४ मध्यें प्रसिद्ध केला. कोंबडीच्या बी पेशींचा एक वंश प्रयोगशाळेंत कांचपात्रांत वाढविला जातो आणि तेथेंही त्यांत जनुक-परिवर्तन चालू असतें. या पेशींतून त्यांनीं हलक्या साखळीचीं छद्मजनुकें काढून टाकलीं. जखमा पूर्वींप्रमाणेंच होत राहिल्या. पण आतां पाहून भरावयास प्रत उरली नव्हती. तेव्हां पेशी जागा कशीतरी भरूं लागल्या, आणि तेथें एकेका अक्षराच्या चुका उमटूं लागल्या. कोंबडीच्या जनुकाची गोधडी होणें बंद झालें. तिच्या जागीं डागच डाग दिसूं लागले. मजा अशी कीं, माणसाच्या आणि उंदराच्या बी पेशी जंतूशीं गांठ पडल्यावर आपले प्रतिपिंड सुधारतात ते नेमके याच डागांच्या रीतीनें. म्हणजे दोन्ही रीतींचा उगम एकच. फरक एवढाच कीं, एकीच्या हाताशीं जुन्या प्रती आहेत आणि दुसरीच्या नाहींत.

आणखी एक पुरावा या छद्मजनुकांच्या अंगावरच लिहिलेला आहे, आणि तो प्रयोगाइतकाच बोलका आहे. पडका वाडा कोठेंही ढांसळतो. आज ओसरी पडते, उद्यां माजघर. खरोखर टाकून दिलेलें जनुकही तसेंच कोठेंही बिघडतें. कोंबडीच्या या जनुकांत मात्र तसें दिसत नाहीं. त्यांना दरवाजे नाहींत हें खरें, पण आंतला मजकूर बव्हंशीं सुसंगत राहिलेला आहे. मधेंच थांबण्याचे भलते संकेत त्यांत फारसे नाहींत. शिवाय त्यांच्यांतला एकमेकांपासूनचा फरक दाटतो तो मुख्यतः त्याच जागीं, जेथें प्रतिपिंड शत्रूला पकडतो. दरवाजा नसलेल्या पण आंतून झाडलोट केलेल्या खोलीला पडकें घर म्हणणें बरोबर नव्हे. ती कोठीची खोली आहे. तेव्हां कोंबडीच्या बाबतींत छद्म हा शब्द अन्यायाचा आहे असें म्हणावें लागतें. पण शास्त्रांत नांव एकदां पडलें म्हणजे बदलत नाहीं, फॅब्रिशियसच्या पिशवीचीच गोष्ट पाहावी.

येथें उत्साहाला आवर घालणें अवश्य आहे. कोंबडीवरून सर्व छद्मजनुकें उपयोगी असा निष्कर्ष काढणें, हें पूर्वींच्या अडगळीच्या कल्पनेइतकेंच घाईचें होईल. ससाही कांहींसा कोंबडीच्या वाटेनें जातो: त्याच्या बहुतेक बी पेशी एकाच व्ही खंडाची निवड करतात आणि वरच्या बाजूच्या खंडांतून त्यावर ठिगळें लावतात. हें काम जन्मानंतर पहिल्या कांहीं आठवड्यांत आंतड्यालगतच्या पेशीसमूहांत, विशेषतः आंत्रपुच्छांत, चालतें आणि त्याला आंतड्यांतील जंतूंची संगत लागते. माणसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्याजवळ चालू खंड पुरेसे आहेत. जुळणीनें आणि मागाहूनच्या अक्षरबदलानें त्याचें काम भागतें. ७९ छद्मजनुकांतून माणसाच्या बी पेशी कोंबडीप्रमाणें नेहमीं तुकडे उचलतात असें दिसून आलेलें नाहीं. त्यांचा कांहीं उपयोग असलाच तर तो एका माणसाच्या आयुष्यांत नव्हे, तर वंशाच्या ओघांत असूं शकेल. पिढ्यांच्या प्रवासांत हा पट्टा अनेकदां दुणावला, उलटसुलट झाला. अशा उलथापालथींत मृत खंडाचा एखादा भाग जिवंत खंडांत मिसळणें शक्य असतें. जिवंत आणि मृत यांमधील रेघही सर्वत्र सारखी नाहीं, कारण कांहीं व्ही खंड एका माणसांत चालू स्थितींत आणि दुसऱ्यांत मोडके आढळतात. नवव्या गुणसूत्रावर पडलेल्या त्या तिसऱ्या ई जनुकाबद्दल मात्र एवढाही आधार नाहीं. पेशींत जनुकाची जी कामचलाऊ नक्कल निघते, तीच उलट डीएनएमध्यें लिहिली जाऊन भलत्या जागीं चिकटल्याचीं चिन्हें त्याच्यावर स्पष्ट आहेत. त्याला अडगळ म्हणण्यास हरकत नाहीं.

कोंबडीच्या बाबतींत मात्र हा प्रश्न नुसता पंडितांचा नाहीं, हें कोणत्याही कुक्कुटपालकाला विचारावें. अमेरिकेंत डेलावेर राज्यांत गंबोरो नांवाचें एक गांव आहे. तेथील कोंबड्यांत आढळलेल्या एका रोगाचें वर्णन १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. आज तो जगभर पसरलेला आहे आणि आपल्याकडेही गंबोरो याच नांवानें ओळखला जातो. त्याचा विषाणु नेमका फॅब्रिशियसच्या पिशवींत शिरतो आणि तेथें वाढीला लागलेल्या बी पेशींचा संहार करतो. तीन ते सहा आठवड्यांचीं पिल्लें त्यानें आजारी पडतात, पुष्कळ मरतातही. पण त्याहून लहान वयांत लागण झाली तर प्रकार अधिक फसवा असतो. पिल्लूं वरून धड दिसतें, आणि आंत ठिगळें लावण्याचा कारखानाच बंद पडलेला असतो. कारखाना चालण्याचे दिवस थोडे. ते निघून गेले म्हणजे मागाहून भरपाई होत नाहीं. मग एरवीं सहज परतवला असता असा साधा रोगही अशा पिल्लाला भारी पडतो, आणि त्याला दिलेल्या दुसऱ्या रोगांच्या लसीही वायां जातात, कारण लस ओळखण्यास पेशीच पुरेशा नसतात. गंबोरोची लस आहे. पण ती केव्हां द्यावी हा पेंच असतो. लौकर दिली तर आईच्या शिदोरींतले प्रतिपिंडच त्या लसीला निकामी करतात. उशीर केला तर विषाणु आधीं पोंचतो. म्हणून कांहीं ठिकाणीं पिल्लांच्या रक्तांत आईचे प्रतिपिंड किती उरले आहेत हें मोजून लसीचा दिवस ठरवितात.

याच ज्ञानाचा दुसरा उपयोग अलीकडचा आहे. माणसाच्या औषधासाठीं प्रतिपिंड हवे असतात तेव्हां ते पुष्कळदां उंदरांत तयार करतात. परंतु उंदीर आणि माणूस दोघेही सस्तन. त्यांचीं कित्येक प्रथिनें इतकीं सारखीं असतात कीं माणसाचें प्रथिन उंदराच्या शरीराला परकें वाटतच नाहीं, आणि तें त्याविरुद्ध प्रतिपिंड करीत नाहीं. पक्ष्यांचा आणि सस्तनांचा वंश सुमारें तीस कोटि वर्षांपूर्वीं वेगळा झाला. कोंबडीला तीच प्रथिनें सहज परकीं वाटतात. म्हणून अमेरिकेंतील संशोधकांनीं कोंबडीचीं प्रतिपिंडाचीं जनुकें काढून त्या जागीं माणसाचीं बसविलीं, आणि अशा कोंबड्यांच्या प्रतिपिंडांचें वर्णन २०१८ सालीं प्रसिद्ध केलें. माणसाचा एकेक चालू व्ही खंड त्यांनीं बसविला. पण कोंबडीची पिशवी तेवढ्यावर काय करणार? तिला गाठोडें लागतें. तेव्हां त्या खंडाच्या वरच्या बाजूला माणसाच्या व्ही खंडांच्या धर्तीवर मुद्दाम रचलेलीं छद्मजनुकें त्यांनीं रांगेनें मांडून दिलीं, आणि कोंबडीच्या पेशींनीं त्यांतून ठिगळें उचलण्यास सुरुवात केली.